थायलंडच्या आधी मार्कंडा

सकाळी सात वाजता निघालो तेव्हा गाव धुक्यात होतं, तरी निम्मं गाव बघायला आलेलं. मी त्याच दिवशी थायलंडला चालले असा काहींचा समज झाला होता. शेजारची पार्वताबाई तर ओवाळायला ताट घेऊन उभी होती.

"अवो, मी मार्कंड्याले जाऊन राह्यली. उद्या परत येतो," मी म्हणाले.

"मंग आता हा दिवा लावला तो?"

"फुंकून टाक."

"असा दिवा फुंकतेत का कोणी?" असं म्हणून तिनं ओवाळलंच. कुंकू लावताना तिचा नेम चुकला आणि ते नाकावर आलं. चंद्रपूरला पासपोर्टचा फोटो काढायच्या आधी ते सोबतच्या ताराबाईनं थुंकी लावून पुसलं.

मी कोण, ते आधी सांगते. माझं नाव गिरजाबाई. शाळेच्या दाखल्याप्रमाणे वय अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत. पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यात राहते. आम्ही बुरड, म्हणजे बांबूचं काम करणारे. सुपं, टोपल्या, धान ठेवायच्या ढोल्या, हे आमचं पिढ्यांचं काम. अकरा वर्षांपूर्वी ओल्या बांबूचा भारा पाठीवर आला आणि माझं कमरेखालचं शरीर गेलं. त्याचं जे रडायचं ते तेव्हाच रडून झालं. तेव्हापासून चाकाची खुर्ची आहे. हात शाबूत आहेत आणि धंदा हातांचा आहे, त्यामुळे काम थांबलं नाही.

तालुक्याला बांबूचं एक केंद्र आहे. तिथल्या साहेबांनी पावसाळ्यात सांगितलं की थायलंडला बांबूच्या कारागीर बायांचा मेळावा आहे, आठ दिवस तिथं बसून विणून दाखवायचं, आपल्याकडून चार बाया जातील. चारांत माझं नाव होतं आणि ताराबाईचं होतं. तारा माझी शेजारीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बारीक वीण माझ्यापेक्षा तिची चांगली आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण काळजीनं त्याची झोप उडालेली दिसत होती.

"आजी, तुमचं काम पाहिजेच आहे," ते म्हणाले. "पण तिकडं तुम्हाला उचलणार कोण? सोबत मदतनीस लागेल. जागा चारच आहेत. मग ताराबाईंचं नाव मदतनीस म्हणून घालावं लागेल."

"म्हणजे ती विणणार नाई?"

"मदतनीसाला बसून विणता येत नाही. नियम आहे."

तारानं पावसाळ्यापासून त्या मेळाव्यासाठी झाकणाची पेटी विणायला घेतली होती, आणि तिथं जाऊन ती मला हमालासारखी उचलणार. मग मी म्हणाले, "मले दोन दिवस द्या. मी ताराले घेऊन बाहेरगावी जातो, मुक्काम करतो. कोणी मले एकदा जरी उचललं, तर माझं नाव कापा आन् तारा कारागीर म्हणून जाऊ द्या. कोणी उचललं नाई, तर दोघीइले कारागीर लिहा."

साहेबांनी मान्य केलं. यादी सोमवारी पाठवायची होती. शुक्रवारी माझी पासपोर्टची तारीख चंद्रपूरला होती. म्हणून शुक्रवार-शनिवार ठरवला: चंद्रपूर, तिथून मूल गावावरून वैनगंगेकाठी मार्कंडादेवाला, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी घरी.

पाय गेलेल्या माणसाचा प्रवास घरीच निम्मा होतो, म्हणून तयारीबद्दल लिहिते. कमरेखालचं गेलं की लघवी लागलेली कळत नाही. दर चार तासांनी घड्याळ बघून नळी घालून ती काढावी लागते. उशीर झाला की पोट तट्ट फुगतं, नंतर ताप येतो. हे बोलायला लोक लाजतात. मी लाजले असते तर कधीच मेले असते. म्हणून मला गावोगावचं काही बघायचं नसतं, चार-चार तासांनी एक दार बघायचं असतं. त्या दारातून खुर्ची आत गेली पाहिजे आणि दार मागून लागलं पाहिजे.

दाराची रुंदी फोनवर विचारून कळत नाही. "किती इंच?" म्हटलं की लोक म्हणतात, "बसते, बसते, हत्ती बसते." म्हणून मी कमच्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) खुर्चीच्या मापाच्या कापते आणि पुढे पाठवते. मार्कंड्याच्या धर्मशाळेतल्या मॅनेजरला अशी कमची गजूभाऊच्या हाती पाठवली होती. गजूभाऊ आमच्या गावचा भाजीवाला, व्हॅनमधून चामोर्शीच्या बाजाराला जातो. मॅनेजरनं कमची संडासाच्या दारात आडवी धरून पाहिली आणि फोन केला, "बाई, बोटभर जागा राहते. आन् वर चढायले उतार बी आहे." माणूस नीट बोलला. मी समाधानानं फोन ठेवला.

दुसरी वस्तू सरकपाटी. ती मीच केली. पक्क्या बांबूच्या पट्ट्या घट्ट विणून, घासून गुळगुळीत केलेली हातभर रुंद फळी. एक टोक खुर्चीवर, दुसरं गाडीच्या सीटवर, आणि हातांच्या जोरावर मी सरकत जाते. कोणी हात लावायचा नाही.

गजूभाऊच्या व्हॅनमध्ये मी अशीच सरकले. मागं वांग्याचा आणि सांबाराचा (कोथिंबिरीचा) वास होता. तारा मागच्या सीटवर खुर्ची मांडीवर धरून बसली. गाव सुटलं, धानाच्या कापलेल्या बांध्या (भातखाचरं) गेल्या आणि सागाचं जंगल लागलं. पानं पिवळी पडायला लागली होती. वाघाची बातमी आमच्याकडे रोज असते, वाघ रोज नसतो. आम्हाला माकडंच दिसली.

"बाई, थायलंडात साप खातेत म्हणे," गजूभाऊ म्हणाला.

"तू कशाले भेतं? तुले कोण नेऊन राह्यलं?" मागून तारा.

"मी तुमच्या काळजीनं बोललो."

"आमची काळजी करू नको. समोर पाह्य, म्हैस आली."

म्हैस खरंच आली होती.

चंद्रपूरला पासपोर्टच्या ऑफिसात खुर्ची आत गेली, कमची काढावीसुद्धा लागली नाही. अडलं ते बोटांवर. मशीनच्या काचेवर मी दहाही बोटं ठेवली, एकाचाही ठसा उमटेना. तिथली मुलगी भली होती. तिनं माझी बोटं ओल्या कापडानं पुसली, परत ठेवली, दाबली. काही नाही.

"आजी, काय काम करता हो? बोटांवर रेषाच नाहीत."

"बांबू सोलतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं."

"आमच्या गावच्या सगळ्याइचीच बोटं अशी हायेत," तारा म्हणाली. "चोरी केली तर पोलिसाले सापडाचं नाई कोणी."

मुलगी हसली, मग हसणं आवरून म्हणाली, "असं इथं नका बोलू." तिनं मला तासभर बसवलं, मधे मधे बोटांना तेल लावलं, हात गरम करायला लावले आणि पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. शेवटी ठसे मिळाले. फोटोत माझा चेहरा कोणी मारायला आल्यासारखा आहे. तोही मशीनला चालला.

साडेअकराला मी सरकारी दवाखान्यात जाऊन आले. मला कोणतं दुखणं नव्हतं, नळी लावायची वेळ झाली होती. नव्या गावात गेलं की आधी दवाखाना शोधावा, हे मी अकरा वर्षांत शिकले. जिथून स्ट्रेचर जातं तिथून माझी खुर्ची जाते. देशी असो की परदेशी, दवाखान्याचं दार रुंदच असणार.

मग सांबारवडी खाल्ली. कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली ही वडी आमच्याकडे थंडीतच चांगली लागते, कारण तेव्हाच सांबार कोवळा असतो. सोबत कढी. मी एक खाल्ली. तारानं चार खाल्ल्या, गजूभाऊनं मोजल्या नाहीत.

बोटांच्या भानगडीत वेळ गेला होता, तो पुढे भरून निघेल असं वाटलं. मूल सोडल्यावर टायर पंक्चर झालं. गजूभाऊनं स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती.

"भाजी नेताना कधी लागली नाई ना," तो म्हणाला.

"आज तू भाजी नाई, माणसं नेऊन राह्यला," तारा म्हणाली. "दोन भाज्या हाय, त्यातली एक जुनी."

जुनी भाजी म्हणजे मी. मी घड्याळ बघत होते. तीन वाजले. साडेतीन वाजले. गजूभाऊ चाक घेऊन एका मोटरसायकलवर मागं मूलला गेला. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी व्हॅनमध्ये बसून राहिलो. व्हॅनमध्ये मला नळी लावता येत नाही, घरी दोनदा करून पाहिलं होतं, जागा पुरत नाही.

"बाई, किती झाले?" तारानं विचारलं. ती वेळ विचारत नव्हती.

"होऊन गेले चार तास."

"पोट?"

"फुगून राह्यलं."

चाक लागून निघालो तेव्हा साडेचार झाले होते. वैनगंगेचा पूल आला. पाणी कमी होतं, वाळूची बेटं उघडी पडली होती, पलीकडे जाळं घेऊन दोन माणसं उभी होती. एरवी मी गजूभाऊला थांबायला लावलं असतं. त्या दिवशी मी नदीकडे बघितलं ते पूल किती लांब आहे ते बघायला.

मार्कंड्याला पोचलो तेव्हा सव्वापाच. धर्मशाळा देवळापासून थोडी अलीकडे. मॅनेजरनं म्हटल्याप्रमाणे वर जायला उतार होता. उताराच्या तोंडाशी विटांचा ढीग होता. बाजूला नवीन खोली बांधत होते आणि दुपारीच ट्रॅक्टर तिथं विटा ओतून गेला होता. मॅनेजर डोक्याला हात लावून उभा होता.

"बाई, मी सांगतच होतो त्याले, इथी नको टाकू."

"मंग?"

"मंग त्यानं टाकल्या."

उताराशेजारी चार पायऱ्या होत्या. चार पायऱ्या आणि वर उजव्या हाताला ते दार, बोटभर मोकळं. विटा हलवायला अर्धा-पाऊण तास लागला असता. माझ्या कपाळाला घाम आला होता. मला साहेब दिसत होते, त्यांचं पेन दिसत होतं, आणि तरी पोट कोणाचं ऐकत नव्हतं.

मी काही म्हणायच्या आत माणसं धावली. आमच्याकडची माणसं अशीच आहेत. एखादा अडला दिसला की विचारायला थांबत नाहीत. दोन गवंडी, चहाच्या टपरीवाला, वरोऱ्याहून आलेल्या भजनी मंडळातल्या दोन धिप्पाड बाया. "आजीले उचला रे!" असं कोणीतरी ओरडलं आणि एकानं मला काखेतून धरलं, एकीनं पाय धरले, टपरीवाल्यानं खुर्चीचा हात धरला. तो हात निघून त्याच्या हातात आला, कारण तो निघणाराच असतो. खुर्ची मागं पळाली. माझं लुगडं गुडघ्यावर गेलं आणि मी दोन माणसांच्या मधे झोळीसारखी लोंबकळले.

"सोडा! खाली ठेवा! ठेवा म्हणतो ना!"

त्यांनी ठेवलं. तारानं खुर्ची धरून आणली होती, म्हणून जमिनीवर न पडता खुर्चीतच आपटले. त्या बायांपैकी एक रडवेली होऊन म्हणाली, "माय, आम्ही चांगल्यासाठीच केलं."

"माहीत हाय मले."

तेव्हा तारा माझ्याजवळ वाकली. "बाई," ती हळूच म्हणाली, "हाक दे ना."

हे समजायला आमचं जुनं काम माहीत पाहिजे. जंगलातून लांब बांबूंचा ओला भारा नाल्यातून काढायचा असला की त्याखाली सहा-आठ माणसं लागतात. त्यात एकच जण हाक देतो. कधी धरायचं, कधी उचलायचं, कधी खांदा बदलायचा, कधी टेकायचं, ते तो एकटा बोलतो आणि बाकीच्यांनी तोंड उघडायचं नसतं. आपापल्या अकलेनं उचललं की भारा वाकडा होतो आणि कोणाच्या तरी अंगावर येतो. माझा आवाज खणखणीत होता. मी बाई असूनही आमच्या टोळीची हाक पंधरा वर्षं मीच दिली. ज्या दिवशी मला लागलं त्या दिवशी मला ताप होता आणि हाक दोघांनी दिली होती.

मी खुर्चीत नीट बसले. लुगडं खाली केलं.

"मॅनेजरभाऊ, तुम्ही मागं. हँडल धरा, दोन्ही. गवंडीदादा, तुम्ही दोघं दोन्हीकडून खालची नळी धरा. ती नाई, त्याच्या खालची. चाकाले कोणी हात लावायचा नाई. बाई, तुम्ही दोघी समोरून पायाची पट्टी धरा. टपरीवाले भाऊ, तुम्ही तो खुर्चीचा हात घेऊन बाजूले उभे राहा."

"मी काहीच नको करू?"

"तुम्ही बोलू नका. ते करा."

गवंडी हसला. मी म्हणाले, "हसणंही नाई. मी म्हणीन तेव्हाच."

आणि मी हाक दिली. अकरा वर्षांनी दिली तरी गळ्यानं ओळखली. "धरा... उचला... चला एक... टेका." पहिली पायरी. सगळ्यांनी श्वास घेतला. "धरा... उचला... चला एक... टेका." दुसऱ्या पायरीवर डावीकडचा गवंडी घाईनं उचलायला गेला, मी "थांबा!" म्हणाले आणि तो पुतळ्यासारखा थांबला. तिसरी. चौथी. वर.

कमची काढावी लागली नाही. खुर्ची बोटभर जागा सोडून आत गेली आणि तारानं दार ओढून घेतलं. त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल इतकंच लिहिते की मार्कंड्याला येऊन माणसाला देवदर्शनानं जे समाधान मिळत असेल, ते मला तिथं मिळालं.

बाहेर आले तेव्हा सगळी मंडळी पायरीवर बसून चहा पीत होती. टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. गवंडी म्हणाला, "आजी, तुम्ही ठेकेदार होत्या का हो?"

"ठेकेदार असतो तर इथी काऊन बसतो?"

संध्याकाळी जेवायला भात, वरण आणि पाटवडीचा रस्सा. त्या भजनी बायांनीच रांधलं होतं आणि माझ्या ताटात मला विचारल्याशिवाय दोनदा वाढलं. जेवून व्हरांड्यात बसलो तेव्हा तारा चिडली. ती दुपारपासून चिडायची होती, पण सवड मिळाली नव्हती.

"सोमवारी साहेबाले काय सांगशील?"

"झालं ते सांगीन. उचललं म्हणून सांगीन."

"मी नाई सांगणार."

"तू नको सांगू. माझ्या तोंडाले कुलूप हाय का?"

"आन् तुझं नाव कापलं तर? मी एकटी जाऊ तिकडं, त्या बाकीच्या दोघींसंग? त्या दोघी एकमेकींशी बोलत नाईत. तू मले न विचारता पैज लावली. मी म्हटलं होतं का, मी तुले उचलणार नाई?"

"म्हणूनच विचारलं नाई. तू हो म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं."

"मंग पेटी कोण विणणार होतं तिथी? साहेब?"

ती म्हणाली, "पेटीचं झाकण अजून जमून नाई राह्यलं."

"जमेल. तुझी वीण माझ्यापेक्षा बरी हाय."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला लगेच दुसरा विषय काढावा लागला.

सकाळी मी देऊळ लांबूनच बघायचं ठरवलं होतं. मार्कंड्याचं देऊळ जुनं आहे, काळ्या दगडाचं, आणि चढायला पायऱ्या. धुकं नदीवरून वर येत होतं. तेवढ्यात कालचे दोन गवंडी कामावर येताना दिसले.

"आजी, आत नाई जायचं का? चला, नेतो. हाक तुमची."

मी विचार केला. पैज काल संध्याकाळीच हरले होते. एकदा उचललं काय आणि दोनदा उचललं काय, नाव एकदाच कापलं जाणार. "चला," मी म्हणाले. गजूभाऊ आणि आणखी एक यात्रेकरू आला. मी हाक दिली आणि देवळात गेले.

आत थंड होतं. एका दगडी जाळीकडे मी बघत राहिले. दगडाची होती, पण वीण आमची होती, दोन पट्ट्या वर, दोन खाली. कोणत्या कारागिरानं कोणाची टोपली बघून ती कोरली कोण जाणे. तारानं बोटानं ती मोजली आणि म्हणाली, "इथी यानं चुकवली पाह्य." खरंच एका जागी चुकली होती. आम्हाला दोघींना बरं वाटलं.

तिथंच मला एक गोष्ट लक्षात आली. काल काखेतून धरून उचललं तेव्हा मला इतका संताप आला होता की आठ दिवस पुरला असता. नंतर तर पायऱ्यांवरून दोनदा उचललं आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. मी अकरा वर्षं म्हणत आले की मला कोणी उचलू नये. खरं तर मला कोणी विचारल्याशिवाय उचलू नये, एवढंच होतं. दोन्हींत किती फरक आहे हे कळायला मला मार्कंड्याला यावं लागलं. घरी बसून ते कळलं नसतं, कारण घरी मी कोणाला जवळच येऊ दिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गजूभाऊनं आधी चारही टायर लाथ मारून बघितले. काही झालं नाही. आम्ही चारच्या आत घरी होतो आणि सगळी दारं वेळेवर मिळाली.

सोमवारी मी आणि तारा केंद्रात गेलो. साहेबांनी यादी समोर ठेवली होती.

"काय आजी, कसा झाला प्रवास?"

"उचललं मले. दोनदा, तीनदा म्हणा. पैज हरली."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पेन उचललं, पण कापलं नाही. ते म्हणाले, "आजी, शनिवारी विमान कंपनीचा फॉर्म आला आहे. तुम्हाला विचारूनच भरायचा आहे. तो तर भरू. मग बघू." आणि ते इंग्रजीतलं वाचून मराठीत विचारायला लागले.

"खुर्ची किती रुंद?"

मी पिशवीतून कमची काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती फूटपट्टीनं मोजली आणि आकडा लिहिला.

"पायऱ्या चढता येतात?"

"नाई."

"उचलावं लागेल?"

"हो."

"उचलायला तिथं कंपनीची माणसं असतात, असं लिहिलंय." ते थबकले. त्यांनी ते परत वाचलं. "म्हणजे उचलायला सोबत माणूस पाहिजे असं नाही." ते आणखी खाली गेले. "स्वतःचं जेवण, औषध, संडास स्वतः करता येतं का?"

"येतं. दार मिळालं तर."

"आणि हे... आपल्याला कशी मदत करायची ते प्रवाशाला स्वतः सांगता येतं का?"

मी तोंड उघडायच्या आत तारा बोलली. "साहेब, ते विचारू नका. निम्म्या मार्कंड्यानं ऐकलं ते."

मग तिनं सगळं सांगितलं, विटा, पायऱ्या, निघालेला खुर्चीचा हात, मी टपरीवाल्याला काय म्हणाले ते. साहेब हसले नाहीत. ते नीट ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "माझी चूक झाली. मी समजत होतो, तुम्हाला उचलणारा माणूस इथून न्यावा लागेल."

"उचलणारी माणसं सगळीकडं असतेत साहेब," मी म्हणाले. "सांगणारं एक लागते."

त्यांनी मदतनीस या रकान्यात आडवी रेघ मारली. यादीत तिसरं नाव माझं, चौथं ताराचं, दोघींच्या पुढे कारागीर लिहिलं. मला ते वाचता येतं, तरी मी तारालाही वाचायला लावलं.

"पण आजी," साहेब शेवटी म्हणाले, "तिकडं तुमची हाक मराठीत कोणाला समजणार?"

मग त्यांनीच थाई भाषेतले शब्द मोबाइलमध्ये शोधले आणि बाईच्या आवाजात ऐकवले. चारच शब्द लागतात. धरा, उचला, टेका, थांबा. ते मी देवनागरीत कागदावर उतरून घेतले आहेत. रोज सकाळी बांबू सोलताना मोठ्यानं म्हणते. पार्वताबाई विचारते की मी कोणत्या देवाचा जप करून राह्यली. बाकीचे तीन शब्द अजून जिभेवर अडखळतात. "थांबा" मात्र मी पहिल्याच दिवशी पाठ केला.